विश्लेषण : लष्करातली 'रेजिमेंट' म्हणजे नेमकं काय? चार वर्षांच्या अग्निवीराशी तिचं नातं कसं असेल?

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलाला 'कुठे जायचंय?' असं विचारलं, तर उत्तरात अनेकदा रेजिमेंटचंच नाव येतं : मराठा लाइट इन्फंट्री, महार, गार्ड्स. ही नावं आली कुठून आणि अग्निपथ योजनेनंतर त्यांच्याबद्दल चर्चा का सुरू झाली, ते समजून घेऊ.

प्रत्यक्ष लढतं कोण?

संपूर्ण रेजिमेंट एकत्र लढायला जात नाही. लढते ती बटालियन, म्हणजे जवानांच्या भाषेत 'पलटण'. साधारण १० जवानांचं एक सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून आणि तीन प्लाटूनची एक रायफल कंपनी असते. अशा चार कंपन्या, शिवाय मॉर्टरसारखी जड शस्त्रं हाताळणारी सपोर्ट कंपनी, असं मिळून सुमारे ८०० जणांची बटालियन होते. तिचं नेतृत्व कर्नल हुद्द्याचा अधिकारी करतो.

बटालियन ब्रिगेडच्या हुकमाखाली काम करते. त्यामुळे एकाच ब्रिगेडमध्ये मराठा, डोगरा आणि मद्रास रेजिमेंटच्या पलटणी शेजारी-शेजारी असू शकतात.

मग रेजिमेंट कशासाठी?

रेजिमेंट हे जवानाचं घर असतं. त्याचं प्रशिक्षण रेजिमेंटच्या केंद्रात होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तर ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं नागपूरजवळच्या कामठीला आहे. सेवेच्या नोंदी आणि पेन्शनची कागदपत्रंही रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फतच हलतात. रणघोषही रेजिमेंटचाच. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' हा मराठा लाइट इन्फंट्रीचा रणघोष आहे.

नावांमागचा इतिहास काय?

ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, मुंबई आणि बंगाल इलाख्यांत वेगवेगळी सैन्यं उभारली. मद्रास रेजिमेंटची मुळं १७५८ पर्यंत जातात. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजेच 'जंगी पलटण', १७६८ची. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे केला. कोण शूर आणि कोण नाही, हे जातीवरून ठरू लागलं.

त्याची सर्वांत मोठी झळ महार समाजाला बसली. मुंबई इलाख्याच्या सैन्यात पिढ्यान् पिढ्या लढलेल्या या समाजाची भरती १८९०च्या दशकात बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह अनेकांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभारली गेली. आज या रेजिमेंटमध्ये देशभरातल्या विविध समाजांचे जवान आहेत. श्रीलंकेत १९८७ मध्ये धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे.

स्वातंत्र्यानंतर काय बदललं?

१९४७ मध्ये सैन्याचीही फाळणी झाली. दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. १९४९ मध्ये सर्व प्रांत आणि समाजांतल्या जवानांची गार्ड्स ही रेजिमेंट उभी राहिली. जुन्या रेजिमेंटची नावं मात्र कायम राहिली. अहीर रेजिमेंटसारख्या मागण्या अधूनमधून होतात. पण जात, समाज किंवा धर्माच्या आधारावर नवी रेजिमेंट उभारायची नाही, हे स्वातंत्र्यानंतरचं धोरण असल्याची भूमिका सरकारने संसदेत मांडली आहे.

अग्निवीरांमुळे प्रश्न काय?

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती 'ऑल इंडिया, ऑल क्लास' तत्त्वावर होईल आणि अग्निवीराला कोणत्याही रेजिमेंटमध्ये पाठवता येईल, असं म्हटलं आहे. समर्थकांच्या मते सैन्यात सर्वांना समान संधी हवी. टीकाकारांचं म्हणणं असं, की एक भाषा, एक मुलूख आणि एक रणघोष यांतून पलटणीत जो जिव्हाळा तयार होतो, तो कठीण प्रसंगी कामी येतो. महार रेजिमेंटचा अनुभव मात्र सांगतो, की मिश्र पलटणीतही हा जिव्हाळा तयार होतो.

त्याला वेळ लागतो, आणि खरी अडचण तीच आहे. अग्निवीराची सेवा प्रशिक्षण धरून चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केलं जाईल. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळेल, पेन्शन नाही. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. आजवरचा जवान निवृत्तीनंतरही स्वतःला आपल्या पलटणीचा म्हणवत आला आहे. चार वर्षांनी गावी परतणाऱ्या अग्निवीरालाही रेजिमेंट तितकंच आपलं मानेल का, याचं उत्तर ही तुकडी बाहेर पडल्यावरच मिळेल.