इस्पितळाचे कोठार

संघटनेचा कार्यकर्ता व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आला म्हणजे पगारवाढ, महागाईभत्ता नाही तर कंत्राटी कामगार यांवर काही तरी ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र आम्ही बोलणार आहोत ते सरकारी इस्पितळाच्या कोठाराविषयी. विषय रुक्ष आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु इस्पितळात औषध नसले म्हणजे त्याचा पहिला जाब मंत्र्याला किंवा सचिवाला कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला आणि कक्षसेवकाला. डॉक्टर व कर्मचारी यांच्यावरील हल्ले थांबावेत म्हणून महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदा झाला. कायदा हवाच होता. पण बाहेरच्या दुकानातून औषध आणावयाची चिठ्ठी ज्याच्या हाती पडते आणि ज्याच्या खिशात परतीच्या एस्.टी.चेच पैसे असतात, त्याचा संताप कलमांनी शमत नाही. तेव्हा कोठार हा रोग्याचा प्रश्न आहे, तसाच तो आमच्या संघटनेचाही आहे.

प्रथम मागणीचे पाहू. वस्तू संपत आली की मागवावी, हे घरातल्या बाईलाही कळते. मग इस्पितळाला का कळू नये? कळते, पण ‘संपत आली’ म्हणजे किती उरली, याचा हिशेब मांडावा लागतो. समजा, एखाद्या इस्पितळात सलाइनच्या रोज ४० बाटल्या लागतात आणि मागणीपत्र गेल्यापासून माल दारात येईपर्यंत ४५ दिवस जातात. या ४५ दिवसांना १८०० बाटल्या लागतील. शिवाय साथ आली, गाडी रखडली, तर हाताशी असावा म्हणून १५ दिवसांचा राखीव साठा, म्हणजे ६०० बाटल्या. तेव्हा साठा २४०० वर आला की त्याच दिवशी मागणी गेली पाहिजे. येथवर गणित शाळेतल्या मुलाचे आहे. खोच आहे ती ४५ या आकड्यात. हा आकडा कागदावरचा असतो. प्रत्यक्षात मंजुरी, त्रुटी, पुन्हा मंजुरी असे करीत ९० दिवस लागले, तर २४०० बाटल्या साठाव्या दिवशीच संपतात आणि पुढचे तीस दिवस रोगी बाहेरून सलाइन आणतो. म्हणून माल यावयास नियमाने किती दिवस लागावेत हे न लिहिता, मागच्या खेपांना खरोखर किती लागले ते लिहून ठेवणे, ही पहिली सुधारणा. तिला पैसा लागत नाही, एक वही पुरते.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एखाद्या गोळीचा खरा खप महिन्याला १२०० आहे, पण वर्षातले चार महिने ती मिळालीच नाही. वहीत वर्षाचा खप पडतो ९६००. त्याला बाराने भागून कारकून ८०० ही सरासरी काढतो आणि पुढल्या वर्षाची मागणी तिच्यावर जाते. म्हणजे यंदा टंचाई झाली, याच कारणाने पुढल्या वर्षीची टंचाई पक्की होते! भागाकार बाराने न करता, औषध हाताशी होते त्या आठ महिन्यांनी केला पाहिजे. हा साधा भागाकार चुकल्यामुळे किती रोगी रिकाम्या हाताने परत जात असतील, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

आणि मग खोटेपणाचे चक्र सुरू होते. वर गेलेली मागणी निम्मी कापली जाते, हा इस्पितळाचा अनुभव. म्हणून शंभर हवे तेथे दोनशे लिहावयाचे. इस्पितळे दुप्पट लिहितात, हा वरच्या कचेरीचा अनुभव. म्हणून निम्मे कापावयाचे. दोघेही आपापल्या परीने शहाणेच, पण खरा आकडा कोणाजवळच राहत नाही. हेच चक्र इस्पितळाच्या आतही फिरते. रात्री कोठाराला कुलूप असते आणि भांडारपाल गावात राहतो, म्हणून प्रत्येक कक्षातील परिचारिका कपाटाच्या खणात थोडी इंजेक्शने दडवून ठेवते. तिला साठेबाज म्हणणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. पहाटे तीन वाजता झटका आलेले मूल ज्याने कधी सांभाळले नाही, त्यालाच हा शब्द सुचतो. पण परिणाम असा होतो, की कोठाराच्या वहीत खपलेली इंजेक्शने दहा खणांत पडून असतात, त्यांतल्या काहींची मुदत तेथेच संपते आणि अकराव्या कक्षात ती नसतात. ताकीद देऊन हा खण रिकामा होणार नाही. रात्री कोठार उघडेल अशी खात्री झाली, की तो आपोआप रिकामा होईल.

सर्वच वस्तूंवर सारखे लक्ष ठेवता येत नाही, हेही खरे. याकरिता दोन चाळण्या लावतात. एक पैशाची: थोड्याच वस्तूंवर बहुतेक रक्कम खर्च होते, त्यांचा हिशेब वरचेवर पाहावा. दुसरी जिवाची: जिच्यावाचून माणूस दगावेल ती वस्तू कधीच संपू देऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो. ही दुसरी चाळणीच कचेऱ्या विसरतात. सर्पदंशाची लस आणि अंगाला लावावयाचे मलम यांची मागणी एकाच फायलीत एकाच गतीने सरकते. साप मात्र फायलीची वाट पाहत नाही.

आता माल दारात आल्यावरचे. येथे आम्हांस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची आठवण दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९८६ च्या आरंभी तेथे उपचारासाठी म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते आणि त्यामुळे चौदा रोगी मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सारी साखळी उघडी केली. डोळ्यांना ते ग्लिसरीनच दिसत होते, हे ध्यानात घ्यावे. म्हणून माल घेणे म्हणजे खोकी मोजून चलनावर सही करणे नव्हे. कोणाचा माल, कोणता बॅच क्रमांक, मुदत केव्हाची, मोहोर शाबूत आहे की नाही, एवढे तरी दारातच पाहिले पाहिजे. आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत तो माल वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात राहिला पाहिजे. गाडीवाला घाई करतो आणि हमाल एकच आहे, अशा स्थितीत ही तपासणी कोण करणार, असे विचारले म्हणजे संघटनेवर आडमुठेपणाचा आरोप येतो. असो.

हे करून दाखविणारे राज्य आपल्या देशातच आहे. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापिले आणि पुढच्या वर्षी त्याचे काम सुरू झाले. औषधे मूळ नावाने घ्यावयाची, जिल्ह्याजिल्ह्यांत महामंडळाचीच कोठारे उभारावयाची, आणि आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना कारखानदाराचे नाव झाकून, केवळ सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेकडे धाडावयाचा. कोणाचा माल आपण तपासतो आहोत हे तपासणाऱ्याला कळत नाही, यातच सारे आले. इस्पितळांना बँकेसारखी पासबुके दिली; वर्षाची रक्कम त्यात नोंदलेली असते आणि तिच्या मर्यादेत इस्पितळ आपल्या गरजेप्रमाणे माल उचलते. म्हणजे दोनशे लिहून शंभर मिळविण्याचा खेळच उरत नाही, कारण नको ते उचलले तर आपलेच पैसे कमी होतात. राजस्थाननेही २०११ पासून मोफत औषधांसाठी असेच महामंडळ उभे केले.

महाराष्ट्राने २०१७ साली ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली. लशी बनविण्यात ज्याचा नावलौकिक, त्याला निविदांच्या कामास जुंपणे हे आम्हांस तेव्हाही पटले नव्हते. पुढे २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरण निर्माण झाले. दिशा योग्य आहे. पण प्राधिकरण म्हणजे केवळ पाटी नव्हे. कोठारे, प्रयोगशाळा आणि माणसे ही त्याच्या मागे असावी लागतात. शिवाय बिले वेळेवर चुकती व्हावी लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये गोरखपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला. तेथील बालकांचे मृत्यू त्यामुळेच झाले की नाही यावर वाद झाला, परंतु पुरवठादाराची मोठी रक्कम थकली होती, यावर वाद नव्हता. जो पुरवठादार पैसे वर्षाने मिळतील असे धरून चालतो, तो एक तर भाव चढवितो, नाही तर निविदाच भरीत नाही.

राहता राहिली साठवण. एका जिल्ह्याच्या गावी आम्ही जे कोठार पाहिले ते जिन्याखाली होते. नवी खोकी पुढे रचली जात आणि जुनी भिंतीशी दबत. पावसाळ्यात तीच ओली होत आणि त्यांचीच मुदत आधी संपे. जे आधी संपणार ते आधी बाहेर, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. तो पाळावयाचा तर खोक्यांच्या दोन्ही बाजूंनी माणूस फिरू शकेल एवढी जागा हवी आणि खोकी जमिनीपासून उचललेली हवीत. जागा नसताना लिहिलेला नियम भिंतीला शोभा देतो, एवढेच.

शीतपेटीबद्दल तर एक गैरसमज सर्वत्र आहे, की जितके थंड तितके चांगले. धनुर्वाताची, त्रिगुणी आणि काविळीची लस २ ते ८ अंशांत ठेवावयाची असते. ती गोठली की निकामी होते आणि पुन्हा वितळली तरी बरी होत नाही. गोठल्याचा संशय आला तर कुपी हलवून, शेजारी मुद्दाम गोठवून वितळविलेली कुपी ठेवून पाहतात; गोठलेलीत साका लवकर खाली बसतो. उलट बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिन उष्णतेने हळूहळू दुबळे होते. त्याचा रंग बदलत नाही, वास येत नाही, मुदतही शाबूत असते. डॉक्टर इंजेक्शन देतो, परिचारिका नोंद करते आणि रक्त थांबत नाही. अशा वेळी दोष कोठाराचा होता, वीज गेलेल्या त्या दुपारचा होता, हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तापमान दिवसातून दोनदा वाचून लिहिणारा माणूस म्हणूनच हवा, आणि रविवारीही हवा. संगणक आले, ‘ई-औषधी’सारख्या प्रणाली आल्या, हे चांगलेच झाले, कोणत्या कोठारात काय पडून आहे, ते आता दूर बसून दिसू शकते. मात्र त्यात आकडा भरणारा भांडारपाल जर तीन इस्पितळांचा मिळून एकच असेल, तर पडद्यावर दिसतो तो मागच्या आठवड्याचा साठा. आमच्या मागणीपत्रात म्हणूनच पगाराच्या कलमाआधी दोन ओळी असतात: रिकामी पडलेली भांडारपाल व औषधनिर्मात्यांची पदे भरा, आणि रात्रपाळीला कोठाराची किल्ली इस्पितळाच्या आवारात ठेवा.