प्रकाशाद्वारे पेशींतर्गत संदेशवहनाचे नियंत्रण

प्रस्तावना : पेशीची वाढ, विभाजन व हालचाल या क्रिया प्रथिनांमधील संदेशवहनावर अवलंबून असतात. त्यांच्या अभ्यासासाठी वापरलेले रासायनिक द्रव्य सामान्यतः संपूर्ण पेशीत पसरते. त्यामुळे संदेश पेशीच्या कोणत्या भागात निर्माण झाला, याचे महत्त्व तपासता येत नाही. प्रकाश मात्र हव्या त्या जागी व हव्या त्या क्षणी टाकता येतो. 'ऑप्टोजेनेटिक्स' हे तंत्र याच गुणधर्मावर आधारलेले आहे.

कार्यपद्धती : वनस्पती प्रकाशाकडे वळतात, कारण त्यांच्यातील फोटोट्रॉपिन हे प्रथिन निळा प्रकाश ओळखते. सन २००९ मध्ये क्लाउस हान व सहकाऱ्यांनी ओट या तृणधान्याच्या फोटोट्रॉपिनमधील प्रकाशग्राही भाग पेशीच्या हालचालीचे नियमन करणाऱ्या 'रॅक-१' या प्रथिनास जोडला. अंधारात हा भाग रॅक-१ चे क्रियाशील स्थान झाकून ठेवतो. निळा प्रकाश पडताच त्याचा सर्पिल दुवा उलगडतो व ते स्थान मोकळे होते; प्रकाश काढल्यावर ते पुन्हा झाकले जाते. पेशीच्या एकाच कडेवर प्रकाश टाकला असता त्या कडेचे पटल पुढे पसरते व पेशी त्या दिशेने सरकते.

मर्यादा : निळा प्रकाश ऊतींमध्ये खोलवर पोहोचत नाही, तीव्र प्रकाशाने पेशीस इजाही होते. म्हणून प्रकाशास प्रतिसाद न देणाऱ्या उत्परिवर्तित प्रथिनाशी तुलना करणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष : हालचालीच्या वेळी रॅक-१ पुढच्या कडेला सक्रिय दिसणे हा केवळ सहसंबंध होय. प्रकाशाने ते तेथे सक्रिय करून पेशीची दिशा ठरविता येणे, हा कार्यकारणभावाचा पुरावा होय.