धारचे राज्य आणि लंडनचे मतदार

जानेवारी 1858 मध्ये इंग्रजांनी धार संस्थान खालसा केले. आदल्या वर्षी दरबाराच्या पदरी असलेल्या अरब-मकराणी शिपायांनी उठाव करून किल्ला ताब्यात घेतला होता. इंदूरचा हंगामी एजंट हेन्री ड्युरँड फौज घेऊन आला. ऑक्टोबरअखेर तोफांनी तटाला खिंडार पाडले, पण फौज आत शिरली तेव्हा शिपाई केव्हाच निसटले होते. शिक्षा झाली ती गादीवर नुकत्याच बसलेल्या अल्पवयीन आनंदराव पवारांना.

पुढचा सगळा निकाल लंडनमध्ये लागला. फेब्रुवारी 1858 मध्ये तिथले पामर्स्टनचे मंत्रिमंडळ पडले, आणि पडले तेही हिंदुस्थानच्या प्रश्नावर नव्हे. पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब टाकले गेले, त्यातून उद्भवलेल्या एका विधेयकावर पामर्स्टनचा पराभव झाला. नव्या मंत्रिमंडळाच्या काळात धार खालसा करण्याला वरिष्ठांनी नापसंती दर्शवली. 1860 मध्ये गादी परत मिळाली, मात्र बैरसिया परगणा भोपाळच्या बेगमांकडे गेला तो गेलाच. कारभारही काही वर्षे इंग्रजांच्याच हातात राहिला. त्याविरुद्ध जॉन डिकिन्सन या इंग्रज गृहस्थाने 1864 मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली. कॉमन्स सभा आणि लोकमत बाजूने असूनही धार परत दिलेले नाही, ही तक्रार त्याने पुस्तिकेच्या नावातच मांडली होती.

धारच्या एकाही माणसाला या सगळ्यात मत नव्हते. कायद्याने मुंबईकर निदान ब्रिटिश प्रजाजन होता. धारचा माणूस, देवास संस्थानाच्या थोरल्या किंवा धाकट्या पातीचा माणूस हा संस्थानी, केवळ 'ब्रिटिश संरक्षणाखालचा', म्हणजे परकाच. ज्या पार्लमेंटच्या शब्दावर त्याचे राज्य राहायचे किंवा बुडायचे, त्या पार्लमेंटच्या निवडणुकीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

मत नाही तर निदान आपले म्हणणे तरी मतदारांच्या कानी घालावे, म्हणून 1885 मध्ये तीन हिंदी प्रतिनिधी इंग्लंडला गेले. बंगालचे मनमोहन घोष, मद्रासचे रामस्वामी मुदलियार आणि मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर. चंदावरकर 'इंदुप्रकाश' या वृत्तपत्राची इंग्रजी बाजू सांभाळत. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती आणि हिंदुस्थानचे प्रश्न घेऊन हे तिघे तिथल्या सभांतून बोलत होते. त्या धडपडीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दुसऱ्याच्या दारात उभे राहून कितीही चांगले बोलले, तरी मिळते ती मेहेरबानीच. धारला मिळाली तशी, एक परगणा कापून. 1945 मध्ये मजूर पक्ष निवडून आला आणि स्वातंत्र्य जवळ आले, तो कौलही आपला नव्हता. 28 मे 1948 रोजी मध्य भारत राज्य स्थापन झाले, धार-देवास त्यात गेले आणि 1951-52 मध्ये इथल्या लोकांनी स्वतःच्या राज्यकर्त्यांसाठी मत दिले. खरा उपाय तो होता.

आज हाच प्रश्न अमेरिकेबाबत विचारला जातो. तिथल्या एका निवडणुकीने आपला व्हिसा, आयातशुल्क, सोयाबीनचा भाव सारे हलते, मग जगाला तिथे मत का नको? मला हे पटत नाही. मत देणाऱ्याने त्या कायद्याखाली जगायला हवे, तिथला कर भरायला हवा आणि चुकीच्या कौलाचे परिणाम शेजाऱ्यांबरोबर भोगायला हवेत. आपल्या निवडणुकीत अमेरिकनांनी मत दिलेले आपण तरी चालवून घेऊ का?

बाहेरच्यांना हवे आहे ते तिथल्या न्यायालयाचे उघडे दार. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला विचारा. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये कंटेनरांतून तिथे आणला गेला. लोक रस्त्यावर उतरले, पण त्याच वर्षी तो तिथेच जाळण्यात आला. त्या कंपनीत निम्म्याहून अधिक मालकी अमेरिकन होती. भोपाळच्या वायुपीडितांचा दावा मात्र 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 'भारतात चालवा' म्हणून परत पाठवला आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. पिथमपूरकरांना अमेरिकेचा अध्यक्ष निवडायचा नव्हता. ज्या देशातून कंपनी आली, त्या देशात तिला जाब विचारता यायला हवा होता.

आणि जो परदेशी तिथेच राहतो, त्याला मत मिळायलाच हवे. न्यूझीलंडने 1975 पासून कायमच्या रहिवाशांना ते दिले आहे. ज्या ब्रिटनने धारकराला परका ठरवले, तिथे तर आज राष्ट्रकुल देशाचा नागरिक कॉमन्स सभेसाठी मत देऊ शकतो. देवासचा मुलगा लंडनला रीतसर व्हिसावर राहत असेल, वय 18 पूर्ण असेल, तर भारतीय पासपोर्टवरही त्याला हा हक्क आहे, विद्यार्थी असला तरी. नावनोंदणीला पैसे पडत नाहीत. अनेक मराठी घरांना हे ठाऊकच नसते. तुमचा मुलगा, सून, भाची तिकडे असेल तर या रविवारच्या फोनवर एवढे विचाराच: मतदार यादीत नाव घातलंस का?