आधी कर्ज, मग अनुदान

मुलाला नोकरी लागण्याची चिन्हे नाहीत, हे एकदा घराच्या ध्यानात आले की जेवताना धंद्याच्या गोष्टी सुरू होतात. पिठाची गिरणी, मसाला कांडप, बेकरी, फॅब्रिकेशन. मग कुणी तरी मामा नाही तर शेजारी सांगतो, ‘सरकार पस्तीस टक्के सबसिडी देतंय, अर्ज टाकून ठेवा!’ हे खोटे नाही, पण अर्धवट आहे. आणि या अर्धवट माहितीवर विसंबून आईच्या पाटल्या सराफाकडे जाऊन पडतात.

सुशिक्षित बेरोजगारांसाठी १९९३ च्या गांधी जयंतीला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली, तेव्हा अनुदानाची कमाल मर्यादा होती साडेसात हजार रुपये. २००८ साली ती ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रमात मिळवून ‘पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम’ आखला गेला. २०२२ मध्ये त्यातली प्रकल्पाची मर्यादा कारखानदारीसाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख झाली. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये याच धर्तीवर मुख्यमंत्र्यांच्या नावाचा कार्यक्रम काढला. आकडे फुगले, पण गाठ तीच राहिली. पैसे बँक देते. सरकार मागून हातभार लावते.

केंद्राच्या योजनेचे गणित मांडून पाहू. खेड्यातल्या एखाद्या बाईंनी चार लाखांचा मसाला उद्योग काढायचा ठरवला. महिला म्हणून त्यांनी पाच टक्के, म्हणजे वीस हजार, घालायचे. (खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला दहा टक्के घालावे लागतात, आणि त्याला अनुदानही कमी: गावात २५ टक्के, शहरात १५.) उरलेले तीन लाख ऐंशी हजार बँकेचे कर्ज. बाईंचे अनुदान ३५ टक्के, म्हणजे एक लाख चाळीस हजार. पण ते त्यांच्या हातात पडत नाही. ते त्याच बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू दिसला, तर ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे हप्ते सुरू होतात तेव्हा अनुदान फक्त कागदावर असते. ज्या घराने हे पैसे लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये मनातल्या मनात खर्चून टाकलेले असतात, त्याची पंचाईत इथेच होते.

यात जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. आधीपासून चालू असलेला धंदा नवा म्हणून दाखवता येत नाही. पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो. आणि जिल्हा उद्योग केंद्राने शिफारस केली तरी कर्ज मंजूर करायचे की नाही, हे बँकच ठरवते.

२०१५ च्या मुद्रा योजनेविषयीही असाच गोंधळ आहे. तिथे तारण लागत नाही, हे खरे. अनुदान मात्र नाही. घेतलेला रुपया अन् रुपया व्याजासह फेडायचा आहे.

बँकेत अर्ज अडतो तो बहुधा प्रकल्प अहवालापाशी. गावातला कुणी तरी पाच-दहा हजारांत तो ‘तयार’ करून देतो, आणि साहेबांनी मिरचीचा भाव विचारला की अर्जदार गप्प! यंत्राची कोटेशने सगळे आणतात. पण मिरची-धणे हंगामात रोखीने घ्यावे लागतात, दुकानदार महिना-दीड महिना पैसे थकवतो, तोवर वीजबिल कशातून भरायचे, याचा हिशेब क्वचितच सापडतो. यंत्रापेक्षा खेळत्या भांडवलापायी बंद पडलेल्या गिरण्या जास्त असाव्यात, असे माझे मत आहे.

अर्जाला पैसे पडत नाहीत. ‘मंजूर करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्याला सरळ दाराबाहेरचा रस्ता दाखवावा. त्यापेक्षा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था गाठावी. शिकवणे, राहणे, जेवण, सगळे मोफत असते. १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथे निघालेल्या संस्थेच्या नमुन्यावर या संस्था देशभर उभ्या राहिल्या.

नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या आधी उद्योग केंद्रात जाऊन चालू परिपत्रक स्वतः वाचावे. आणि यंत्राची बिले पहिल्या दिवसापासून एका फायलीत लावावीत. तीन वर्षांनी तपासणीला माणूस येतो, तेव्हा यंत्र जागेवर आणि चालू असावे लागते.