झोपेची नोंद : तारांविना, स्पर्शाविना

घोरणारा मनुष्य गाढ झोपला आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु घोरता घोरता ज्याचा श्वास अडतो आणि काही वेळाने धापेसरशी पुन्हा सुरू होतो, त्याला झोपूनही विश्रांती मिळत नाही. 10 सेकंद वा त्याहून अधिक काळाचे असे खंड रात्रभर वारंवार पडत असतील, तर त्या विकारास 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. उपचाराअभावी त्यामुळे रक्तदाब वाढण्याचा व हृदयावर ताण पडण्याचा धोका असतो. दिवसा वाहन चालविताना डुलकी लागून अपघातही संभवतो. रोग्याला स्वतःला बहुधा याची जाणीवच नसते.

निदानासाठी रोग्यास रात्रभर रुग्णालयात निजवून मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, श्वास, नाडी व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद घेतात. डोक्यापासून पायापर्यंत तारा जोडलेल्या असताना नेहमीसारखी झोप लागणे कठीण असते. शिवाय ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांतच आढळते.

ही अडचण दूर करण्यासाठी रेडिओ लहरींचा उपयोग होऊ लागला आहे. खोलीत ठेवलेले यंत्र अत्यंत क्षीण लहरी सोडते. त्या शरीरावर आदळून परततात. श्वासागणिक छाती काही मिलिमीटर वरखाली होते, हृदयाच्या ठोक्याने त्याहूनही सूक्ष्म कंप होतो. परतलेल्या लहरींतील या फरकावरून संगणक श्वास व नाडी ओळखतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्रा. दिना कताबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 25 निरोगी व्यक्तींवर असा प्रयोग केला. झोपेच्या अवस्था सुमारे 80 टक्के अचूकतेने ओळखता आल्या.

तथापि, याचा अर्थ पाचांत एक अनुमान चुकले, असाही होतो. रेडिओ लहरी मेंदूचे तरंग वा रक्तातील प्राणवायू प्रत्यक्ष मोजू शकत नाहीत. शेजारी दुसरे कोणी निजले असल्यास नोंदीत घोटाळा होण्याचा संभव असतो. यंत्र छायाचित्र घेत नसले, तरी नोंद खासगीच असते. ती संमतीवाचून घेऊ नये. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

असे यंत्र हाती येईपर्यंत घरातील माणसांचे लक्ष हेच मोठे साधन होय. श्वास किती वेळा व किती सेकंद थांबतो, हे घड्याळ लावून पाहावे, टिपून ठेवावे आणि ते टिपण घेऊन रोग्यासह प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. घोरण्याची थट्टा करण्यापेक्षा हे अधिक हिताचे आहे.