विश्लेषण : ‘व्हॅलेंटाइन डे’च्या भेटीत पैसे नेमके कशाचे?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला, की फुलवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे लाल रंग दिसू लागतो. गुलाबाचा भाव चढतो, नेहमीचेच चॉकलेट बदामाच्या आकाराच्या डब्यात शिरते आणि मोबाइलवर सवलतींचा मारा सुरू होतो. महिन्याचे बजेट आधीच आखलेल्या घराला प्रश्न पडतो, की या भेटीत आपण पैसे मोजतो ते कशाचे? फुलाचे, चॉकलेटचे, डब्याचे की तारखेचे? आणि तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशांत घरातल्या सगळ्यांना काही गोड देता येईल का?

गुलाब याच आठवड्यात महाग का होतो?

महाराष्ट्रात मोठ्या दांड्याच्या गुलाबाचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका. तळेगाव दाभाडे परिसरातील पॉलिहाऊसमध्ये ‘टॉप सीक्रेट’सारख्या लाल जाती घेतल्या जातात. छाटणी केल्यावर नवा फुटवा येऊन फूल काढणीला तयार व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. त्यामुळे १४ फेब्रुवारीच्या गुलाबाचे काम डिसेंबरमध्येच सुरू होते. सगळी फुले ठरावीक दिवसांतच उमलावीत, अशा बेताने छाटणीच्या तारखा ठरवल्या जातात.

मात्र हवामान हा बेत मोडू शकते. थंडी लांबली तर कळी उशिरा तयार होते, ऊन लवकर वाढले तर ती आधीच उमलते. ढगाळ, दमट हवेत भुरी आणि डावणीसारखे रोग पडतात. फूल चार-पाच दिवस उशिरा आले, तरी ते चढा भाव ओसरल्यावर बाजारात पोहोचते. म्हणजे आपण जो जादा पैसा देतो, त्यात दलाली आणि सजावट असते, तशी शेतकऱ्याने दोन महिने आधी घेतलेली जोखीमही असते.

निर्यात आणि स्थानिक बाजाराचे गणित काय?

परदेशी जाणारा माल आधी निघतो. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळी घट्ट असतानाच दांडे कापले जातात. लांबीनुसार प्रतवारी होते, वीस-वीस फुलांच्या गड्ड्या बांधल्या जातात आणि माल शीतगृहातून विमानतळावर जातो. तिथे त्याची स्पर्धा केनिया, इथिओपियासारख्या देशांतील गुलाबाशी असते. त्यानंतरच्या दिवसांत देशातील बाजाराला पुरवठा वाढतो. याच काळात लग्नाचे मुहूर्त असतील, तर मागणी दोन्हीकडून येते आणि भाव आणखी ताणला जातो.

ग्राहकाने काय करावे?

पुण्यातील गुलटेकडी मार्केट यार्ड किंवा मुंबईतील दादरच्या फूल बाजारात सकाळी गेल्यास सुटी फुले किंवा पूर्ण गड्डी मिळते. तोच गुलाब कागद, रिबिन आणि चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गेला, की त्याची किंमत बदलते. चार घरांनी मिळून एक गड्डी घेतली, तर प्रत्येक घराला पाच फुले येतात. तारखेचा आग्रह नसेल, तर १५ तारखेनंतर भाव बहुधा खाली येतात.

घेताना कळी बोटांनी हलकेच दाबून पाहावी. ती घट्ट लागली तर फूल ताजे, मऊ लागली तर जुने. घरी आणल्यावर दांड्याचे टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापावे, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि पाणी रोज बदलावे. फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकणाऱ्या केळी-सफरचंदांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फूल लवकर मलूल होते.

डब्यात चॉकलेट आहे की ‘चॉकलेटसारखे’ काही?

प्रेमाच्या दिवसाला चॉकलेटचा सजवलेला डबा देण्याची प्रथा १९व्या शतकातील इंग्लंडमध्ये रुजली. कॅडबरी कुटुंबातील रिचर्ड कॅडबरी यांनी १८६०च्या दशकात चित्रांनी सजवलेले डबे बाजारात आणले. आतले चॉकलेट संपल्यावर लोक त्यात पत्रे आणि आठवणीच्या वस्तू जपून ठेवत. डब्याला स्वतंत्र किंमत आली ती तेव्हापासून.

आज मात्र डब्याच्या आत काय आहे, हे पाहणे जास्त गरजेचे आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरव्यतिरिक्त दुसरी वनस्पतिजन्य चरबी ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि ती घातल्यास तसे वेष्टनावर लिहावे लागते. कोको बटर महाग असते. म्हणून स्वस्त मालात त्याऐवजी पाम किंवा तत्सम तेलापासून केलेली चरबी आणि थोडी कोको पावडर वापरतात. व्यापारात याला ‘कंपाउंड’ म्हणतात. वेष्टनावर त्यासाठी ‘चोको’, ‘कोटेड’ असे शब्द दिसतात. ते खाणे बेकायदा किंवा विषारी नाही. पण चॉकलेटच्या भावात ते घेण्याचे कारण नाही.

लेबल वाचायचे कसे?

घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. म्हणजे पहिले नाव सर्वांत जास्त असलेल्या घटकाचे. पहिले नाव साखर आणि दुसरे ‘हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट’ असेल, तर ते कंपाउंड समजावे. यादीत कोको बटर, कोको मास किंवा कोको सॉलिड्स वरच्या क्रमांकावर हवेत. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोची भुकटी नसते, पण कोको बटर असायलाच हवे.

दुसरी गोष्ट निव्वळ वजनाची. मोठ्या डब्यात खळगे पाडलेला ट्रे असतो आणि प्रत्येक खळग्यात एकच तुकडा. डब्याच्या आकारावर जाऊ नये. किमतीला ग्रॅमने भागून शेजारच्या साध्या वडीशी तुलना करावी. फरक निघेल, तो डब्याचा.

घरी आणल्यावर चॉकलेटवर पांढुरका थर दिसला, तर लगेच बुरशी समजून फेकू नये. उष्णतेने चरबी किंवा ओलाव्याने साखर वर आली, की असा थर येतो. चव थोडी बिघडते, पण मुदत उलटली नसेल आणि वास ठीक असेल, तर ते खाता येते. कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणूनच खरे चॉकलेट जिभेवर विरघळते आणि उन्हात ठेवलेल्या पिशवीतही!

घरातल्या सगळ्यांसाठी काय करता येईल?

फेब्रुवारी हा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम. या फळाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. स्ट्रॉबेरी उभी कापली, की तिचा काप आपोआप बदामाच्या आकाराचा दिसतो. त्यासाठी साचा विकत आणावा लागत नाही.

चार जणांच्या घराला १५-१६ स्ट्रॉबेरी आणि १०० ग्रॅम डार्क चॉकलेट पुरते. फळे देठासकट धुऊन फडक्याने पूर्ण कोरडी करावीत. पातेल्यात थोडे पाणी गरम करून गॅस बंद करावा, वर काचेचा किंवा स्टीलचा वाडगा ठेवून त्यात चॉकलेटचे तुकडे विरघळवावेत. वाडग्याचे बूड पाण्याला टेकू देऊ नये. चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब पडले, तरी त्याचा रवाळ गोळा होतो. फसगत होते ती बहुधा इथेच. स्ट्रॉबेरी देठाला धरून बुडवावी आणि ताटात बटर पेपरवर ठेवावी. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले, की झाले. त्याच दिवशी संपवावे, नंतर फळाला पाणी सुटते.

गोड नको असेल, तर घरातल्या भाजणीचे थालीपीठ बदामाच्या आकारात थापता येते. वर लोण्याचा गोळा ठेवावा. मुलांना थापायला द्यावे, आकार वाकडा आला तरी चव तीच. या दिवसांत लाल गाजरे बाजारात असतात, त्यामुळे गाजर हलवाही जमतो. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांसाठी ‘शुगर फ्री’ डबा आणण्याआधी विचार करावा. त्यातील माल्टिटॉलसारखे घटक जास्त खाल्ले, तर पोट बिघडते आणि त्यांचा रक्तशर्करेवर परिणामच होत नाही असेही नाही. त्यांच्या पथ्यात बसेल तेवढी ताजी फळे किंवा थालीपीठ बरे.

गुच्छातील पाकळ्या केकवर घालाव्यात का?

नाही. दांड्याचा गुलाब हे सजावटीचे पीक आहे. त्यावर कीड आणि रोगांसाठी फवारण्या होतात, त्या खाण्याच्या पिकाचे निकष धरून केलेल्या नसतात. पाकळ्या धुतल्या तरी औषधाचा सगळा अंश जाईलच, असे नाही. गुलकंद खाण्यासाठी वाढवलेल्या सुवासिक देशी गुलाबाचा करतात. गुलाबाचा स्वाद हवा असेल, तर तयार गुलकंद दुधात किंवा श्रीखंडात घालावा. घरात कुत्रा असेल, तर चॉकलेट त्याच्या तोंडी लागणार नाही, हेही पाहावे. कोकोतील थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी ठरते.

हा दिवस फक्त प्रेमिकांचाच आहे का?

सगळीकडे तसे नाही. फिनलंड आणि एस्टोनियामध्ये १४ फेब्रुवारी ‘मित्र दिन’ म्हणून पाळला जातो. जपानमध्ये या दिवशी महिलांनी पुरुषांना चॉकलेट देण्याची पद्धत आहे. सहकाऱ्यांना केवळ रीत म्हणून दिलेल्या चॉकलेटला तिथे ‘गिरी चोको’, म्हणजे कर्तव्याचे चॉकलेट म्हणतात. त्याची परतफेड म्हणून मिठाई उद्योगाने १४ मार्चचा ‘व्हाइट डे’ रुजवला. भेट कर्तव्य झाली, की तिची परतफेडही कर्तव्य होते, हे त्यातून दिसते. आपल्याकडे ७ फेब्रुवारीच्या ‘रोझ डे’पासून रोज एक ‘डे’ आणि रोज एक वस्तू, हा क्रम त्याच वाटेने जातो आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलांवर त्याचा ताण जास्त येतो. ‘सगळे देतात, मग मी काय देऊ?’ हा प्रश्न घरी मोकळेपणाने विचारता आला, तर खिशाबाहेरचा खर्च आणि लपवाछपवी दोन्ही टळतात.

मोबाइलवर येणाऱ्या ‘भेटी’ खऱ्या असतात का?

या आठवड्यात ‘मोफत गिफ्ट’, ‘लकी ड्रॉ’ असे संदेश फिरतात. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पैसे किंवा बक्षीस मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. आणि ओळख फक्त ऑनलाइन असलेल्या व्यक्तीने परदेशातून पार्सल पाठवले असून ते सोडवण्यासाठी शुल्क भरा, असा फोन आला, तर तो फसवणुकीचा ठरलेला प्रकार समजावा. पैसे गेले असतील, तर लाजेपोटी गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तातडीने तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मग द्यावे तरी काय?

पाच सुटी फुले, एक खऱ्या चॉकलेटची वडी आणि पावशेर स्ट्रॉबेरी एवढ्यात चौघांच्या घराची संध्याकाळ होते. त्याहून कमी खर्चात करायचे असेल, तर रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला त्या दिवशी ओट्यापासून सुट्टी द्यावी. किंवा मोबाइलमध्ये अडकलेला घरातल्या सर्वांचा एक फोटो छापून आजीच्या पलंगाशेजारी लावावा. तारखेचे पैसे देणे चूक नाही, त्यातला काही भाग मावळातल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. पण फुलाचे किती, चॉकलेटचे किती आणि डब्याचे किती, हे ठाऊक असले, की कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा, ते घरच्या घरी ठरवता येते.