पिण्याचे पाणी डायलिसिसला का चालत नाही?

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण आटले होते आणि शहराची तहान टँकरवर आली होती. अशा टंचाईत सगळ्यात अडचणीत येतो तो डायलिसिसचा रुग्ण. त्याला पाणी मोजूनमापून प्यावे लागते. मात्र प्रत्येक डायलिसिसला त्याच्यासाठी सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते.

१२० लिटर कशासाठी?

डायलिसिसमध्ये रक्त एका कृत्रिम गाळणीतून, म्हणजे डायलायझरमधून फिरवले जाते. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने डायलिसिसचा द्रव वाहतो. रक्तातील युरिया, क्रिएटिनिन आणि जादा पोटॅशियम या द्रवात उतरतात. द्रव साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहतो. चार तासांत १२० लिटर आणि आठवड्यात तीन वेळा म्हटले तर ३६० लिटर. दहा यंत्रे तीन पाळ्यांत चालवणाऱ्या केंद्राला दिवसाला ३,६०० लिटर शुद्ध पाणी हवे. आरओ प्लांट सोडून देतो ते पाणी आणि यंत्र धुण्याचे पाणी वेगळेच.

नळाचे पाणी का नाही?

आपण पितो ते पाणी पोटात जाते. आतडे हवे ते घेते, बाकीचे बरेचसे किडनी बाहेर टाकते. डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त यांच्यात फक्त पडदा असतो. पाण्यातील बारीक रसायने थेट रक्तात जातात आणि त्यांना बाहेर काढणारी किडनी निकामी झालेली असते.

म्हणून दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. डायलिसिसच्या पाण्यात मात्र एकूण क्लोरिन ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. ते वाढले तर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. फ्लोराइड पिण्याच्या पाण्यात जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅमपर्यंत खपवून घेतले जाते. डायलिसिससाठी मर्यादा ०.२ आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटसह काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे.

पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की ते निवळण्यासाठी तुरटी जास्त लागते. तुरटीतून पाण्यात ॲल्युमिनियम उतरू शकते. ते रुग्णाच्या शरीरात साठत गेले तर हाडे आणि मेंदू यांना इजा होते.

पाणी उकळून भागत नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने ते दाट होतात.

पाणी शुद्ध कसे होते?

केंद्रातील पाण्याला एकामागून एक टप्पे पार करावे लागतात. वाळूची गाळणी गाळ अडवते. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून जड पाणी हलके करतो. सक्रिय कोळशाची टाकी क्लोरिन शोषते. त्यानंतर बारीक फिल्टर आणि शेवटी आरओचा पडदा. तेथून पाणी न साचता सतत फिरत राहील अशा पाइपांतून यंत्रांपर्यंत जाते. पाइपात कुठे पाणी थांबून राहिले, तर तेथे जिवाणूंचा थर धरतो.

द्रव कसा मिसळतात?

नुसते शुद्ध पाणीही रक्ताला घातकच. त्यात रक्ताशी जुळतील एवढे क्षार घालावे लागतात. त्यासाठी दोन कॅन असतात. ‘ए’मध्ये आम्लासोबत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार; ‘बी’मध्ये बायकार्बोनेट. दोन्ही दाट द्रावणे आधीच एकत्र केली, तर कॅल्शियमचा चुन्यासारखा साका बसतो. म्हणून यंत्र ती आयत्या वेळी मिसळते. एका प्रचलित प्रकारात ‘ए’ १ भाग, ‘बी’ १.८३ भाग आणि पाणी ३४ भाग असते.

मिश्रण बरोबर आहे की नाही, हे यंत्र त्यातून वीज किती वाहते यावरून ओळखते. हा आकडा साधारण १४ मिलिसिमेन्सच्या आसपास असतो. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्र अलार्म देते आणि द्रव डायलायझरकडे न पाठवता बाहेर सोडते.

पण या आकड्याला मर्यादा आहेत. क्षार एकूण किती, एवढेच तो सांगतो. कोणता क्षार किती, पाण्यात क्लोरिन आहे का, जिवाणू आहेत का, हे त्यातून कळत नाही. म्हणून कॅनवरचे प्रमाण आणि यंत्रातील सेटिंग जुळते का, हे माणसानेच पाहावे लागते. ‘बी’ची पावडर केंद्रात कालवली असेल, तर ते द्रावण त्याच दिवशी वापरावे आणि उरलेले ओतून द्यावे. बायकार्बोनेटमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात.

टँकर आला की काय बदलते?

नळ आटला की टँकर येतो. त्यात कधी धरणाचे पाणी असते, कधी बोअरचे. पाण्याची कठीणता दुप्पट झाली, तर तोच सॉफ्टनर निम्म्या वेळात थकतो. मिठाचे पाणी देऊन तो वेळेत पूर्ववत केला नाही, तर कॅल्शियम पुढे सरकते. क्लोरिन जास्त टाकलेला टँकर आला, तर कोळशाच्या टाकीवर ताण येतो.

ब्राझीलमधील कारुआरू शहरात १९९६ साली याची मोठी किंमत मोजावी लागली. दुष्काळात एका डायलिसिस केंद्राला जलाशयाचे पाणी टँकरने येत होते. पाण्यातील निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष पुरेशा शुद्धीकरणाअभावी रुग्णांच्या रक्तात गेले. शंभराहून अधिक रुग्ण आजारी पडले आणि यकृत निकामी होऊन किमान ५० जण दगावले.

नातेवाइकांनी काय विचारावे?

• क्लोरिनची तपासणी प्रत्येक पाळीआधी होते का? नोंदवही दाखवता येईल का?

• सॉफ्टनरनंतरच्या पाण्याची कठीणता रोज पाहिली जाते का?

• जिवाणू आणि एंडोटॉक्सिन यांची तपासणी दर महिन्याला होते का?

• पाण्याचा स्रोत बदलल्यावर रासायनिक तपासणी पुन्हा केली का?

डायलिसिस सुरू असताना मळमळ, डोकेदुखी, अंगाची आग, थंडी वाजणे किंवा दम लागणे जाणवले, तर लगेच टेक्निशियनला सांगावे. एकाच पाळीत दोन-तीन रुग्णांना असा त्रास एकदम सुरू झाला, तर डायलिसिस थांबवून आधी पाणी तपासायला हवे.